ओहायो स्टेट २०१५ : कार्डेल जोन्स की जे. टी. बॅरेट?

ऑलेन्टँजीकाठ (धागाकर्ता)

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने २०१४ चा हंगाम राष्ट्रीय विजेतेपदाने संपवला. २०१५ चा हंगाम सुरू होण्याआधी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत एकूण एक मतदाराने त्याच संघाला पहिला क्रमांक दिला, आणि हंगामपूर्व क्रमवारीत असे एकमत त्याआधी कधीच झाले नव्हते. तरीही तो संघ बिग टेन या आपल्या विद्यापीठगटाच्या (परिषदेच्या) अंतिम सामन्यापर्यंतसुद्धा पोहोचला नाही. कोलंबसमध्ये आजही चार फुटबॉलप्रेमी एकत्र आले की हा विषय निघतो, म्हणून तो येथे सविस्तर मांडतो.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०१२ आणि २०१३ या दोन्ही वर्षी बिग टेनचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरलेला क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू) ब्रॅक्स्टन मिलर २०१४ च्या ऑगस्टमध्ये सरावात खांदा दुखावून हंगामाबाहेर गेला. त्याच्या जागी टेक्सासमधील विचिटा फॉल्सचा जे. टी. बॅरेट आला. दुसऱ्याच सामन्यात संघ व्हर्जिनिया टेककडून ३५-२१ असा हरला, पण त्यानंतर बॅरेटने मागे वळून पाहिले नाही. २९ नोव्हेंबरला मिशिगनविरुद्धच्या सामन्यात त्याचा घोटा मोडला. मग तिसरा क्वार्टरबॅक, क्लीव्हलँडचा कार्डेल जोन्स, मैदानात उतरला आणि त्याने आयुष्यात सुरुवातीपासून खेळलेल्या पहिल्या तीन सामन्यांत विस्कॉन्सिनला ५९-०, अलाबामाला ४२-३५ आणि ओरेगॉनला ४२-२० असे हरवले.

२०१५ मध्ये तिघेही परतले. मिलरने वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, होण्याचे ठरवले आणि जोन्स व बॅरेट या दोघांत एका जागेचा प्रश्न उरला. प्रशिक्षक अर्बन मायर यांनी व्हर्जिनिया टेकविरुद्धच्या सलामीच्या सामन्यात पहिला चेंडू पडेपर्यंत नाव जाहीर केले नाही. त्या दिवशी जोन्स खेळला आणि पुढचे सहा सामनेही त्याच्याच हाती राहिले.

माझे मत स्पष्ट आहे. सुरुवातीपासून बॅरेटलाच खेळवायला हवे होते. तीन सामन्यांतील पराक्रम कितीही मोठा असला, तरी बॅरेटने त्याआधीच्या बारा सामन्यांत हा संघ घडवला होता; २०१४ मध्ये त्याच्या नावावर ३४ टचडाउन पास आणि ११ धावून केलेले टचडाउन होते (टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणे). दुखापतीमुळे गेलेली जागा बरे झाल्यावर परत मिळावी, हा कोणत्याही संघातला साधा न्याय आहे. आपल्याला काय वाटते?

मृणाल_पुणे

माझी लेक कोलंबसला शिकायला गेल्यापासून मी हा खेळ पाहू लागले आहे, त्यामुळे प्रश्न फारच प्राथमिक वाटला तर कृपया समजून घ्यावे. फुटबॉलमध्ये खेळाडू हवे तेव्हा आत-बाहेर करता येतात, प्रत्येक खेळीनंतर बदलता येतात, मग दोघेही उत्तम असताना दोघांनाही अर्धा-अर्धा सामना का देत नाहीत?

चौथा_डाउन

मृणालताई, आपला प्रश्न प्राथमिक नाही, याच प्रश्नावर मोठमोठे प्रशिक्षक अडखळलेले आहेत.

नियमांची आडकाठी काहीच नाही, अडचण सरावाची आहे. महाविद्यालयीन संघाला आठवड्यात सरावाचे मोजके तास मिळतात, कारण महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए हिच्या नियमानुसार हंगामात आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते आणि त्यातच चित्रफिती पाहणे, बैठका व व्यायाम हे सारे बसवावे लागते. पहिल्या फळीबरोबरच्या सरावातील बहुतेक खेळी सर्वसाधारणपणे सुरुवातीच्या क्वार्टरबॅकला देतात. रिसीव्हर वळण घेण्याआधीच चेंडू हातातून सुटलेला असावा लागतो, आणि तो नेमका कोणत्या क्षणी सुटणार हे त्या रिसीव्हरला अंगवळणी पडलेले असावे लागते. पुढच्या फळीतील पाच जणांना क्वार्टरबॅकच्या आवाजाची लय ओळखून हलायचे असते. जोन्सचा पास जोरकस आणि सरळ, बॅरेटचा मऊ आणि लवकर सुटणारा. सरावातील खेळी दोघांत वाटल्या, की दोघेही अर्धेच तयार होतात आणि त्यांच्याभोवतीचे दहा जणही.

दुसरी गोष्ट मनाची आहे. एक चूक केली की बाकावर जावे लागेल, हे ठाऊक असलेला विशीतला मुलगा चूक टाळण्यासाठी खेळू लागतो. १९ सप्टेंबर २०१५ चा नॉर्दर्न इलिनॉयविरुद्धचा सामना पाहावा. जोन्सने दोन इंटरसेप्शन दिले, म्हणजे त्याचे दोन पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, त्याला बाहेर काढले, बॅरेट आला आणि त्यानेही एक दिले. अखेर २०-१३ असा सामना वाचवला तो बचावफळीने. डॅरन ली याने प्रतिस्पर्ध्याचा पास पकडून थेट टचडाउन केला नसता, तर त्या दिवशी काय झाले असते याचा विचारही नको.

क्लीव्हलँडकर

धागाकर्त्यांच्या मताचा आदर राखून मी पूर्ण विरोध नोंदवतो.

कार्डेल जोन्सने ओहायो स्टेटसाठी सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांचा हिशोब ११-० आहे. अकरा सामने, अकरा विजय. त्यांपैकी पहिले तीन बिग टेनच्या अंतिम फेरीत, शुगर बोल या उपांत्य सामन्यात आणि राष्ट्रीय अंतिम सामन्यात होते. विस्कॉन्सिनविरुद्ध त्याला तयारीसाठी एकच आठवडा मिळाला होता आणि त्याने १७ पैकी १२ पास पूर्ण करून २५७ यार्ड व तीन टचडाउन मिळवले. त्याच निकालामुळे ओहायो स्टेटला पहिल्यावहिल्या चार संघांच्या प्लेऑफमध्ये चौथी जागा मिळाली. तो एक सामना गेला असता, तर ज्या विजेतेपदाच्या बळावर २०१५ मध्ये सर्व मतदार एकमत झाले ते विजेतेपदच नसते.

आपण न्यायाचा मुद्दा काढलात म्हणून विचारतो, हा न्याय एकाच बाजूने कसा लागू होतो? जानेवारी २०१५ मध्ये जोन्सला एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जाता आले असते. तो ग्लेनव्हिलच्या वस्तीतून, प्रशिक्षक टेड गिन थोरले यांच्या हाताखाली तयार झालेला मुलगा. क्लीव्हलँडमधील आपल्या शाळेतच त्याने पत्रकारांना बोलावले आणि पदवी पूर्ण करायची आहे म्हणून परत जातो, असे सांगितले. त्या दिवशी आमच्या शहराच्या पूर्व भागात लोकांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मी पाहिलेला आहे. अशा मुलाला 'तुझी जागा मुळात दुसऱ्याची होती' असे म्हणणे मला पटत नाही.

सिनसिनाटीची_शुभा

विजेतेपद मिळवून देणाऱ्याला हरल्याशिवाय बसवू नये, इतकेच माझे म्हणणे. क्लीव्हलँडकरांशी सहमत.

ऑलेन्टँजीकाठ

@क्लीव्हलँडकर, जोन्सविषयी माझ्या मनात आदरच आहे, आणि २०१२ मध्ये वर्ग कशाला हवेत असे जाहीरपणे लिहिणाऱ्या त्याच मुलाने २०१७ मध्ये पदवी घेतली, याचा मला ओरेगॉनविरुद्धच्या विजयाइतकाच आनंद झाला होता. प्रश्न त्याच्या थोरवीचा नाही. त्या तीन विजयांत एझेकिएल एलियट धावून किती यार्ड मिळवत होता तेही पाहा : विस्कॉन्सिनविरुद्ध २२०, अलाबामाविरुद्ध २३०, ओरेगॉनविरुद्ध २४६. असा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) मागे असताना प्रतिस्पर्ध्याची बचावफळी पुढे ओढली जाते आणि लांब पास मोकळे होतात. त्या मोकळ्या जागेचा फायदा उठवण्याची ताकद जोन्सच्या हातात होती, हे मान्य. पण ती जागा निर्माण करणारा एलियट होता.

ईस्ट_लान्सिंगचा_मित्र

मी मिशिगन स्टेटचा, म्हणजे या चर्चेतील प्रतिपक्षाचा माणूस. तरीही लिहितो, कारण आपण सर्वजण ज्या सामन्याभोवती फिरत आहात तो आमचा आहे.

२१ नोव्हेंबर २०१५, कोलंबस. पाऊस, वारा, गारठा. आमचा नेहमीचा क्वार्टरबॅक कॉनर कुक खांद्याच्या दुखापतीमुळे खेळू शकला नाही. त्याच्या जागी टायलर ओ'कॉनर आणि डेमियन टेरी हे दोन राखीव क्वार्टरबॅक आळीपाळीने खेळले. म्हणजे ज्या गोष्टीमुळे ओहायो स्टेट बुडाली असे आपण म्हणता, तीच आम्ही त्यांच्याच मैदानावर केली आणि शेवटच्या क्षणी मायकल गायगरच्या ४१ यार्डांवरून लाथेने मारलेल्या फील्ड गोलने १७-१४ असा सामना जिंकला. सलग २३ विजयांची त्यांची मालिका तेथे तुटली.

त्या दिवशी ओहायो स्टेटच्या आक्रमणाला संपूर्ण सामन्यात १३२ यार्ड मिळाले. सुरुवातीचा क्वार्टरबॅक बॅरेट होता, म्हणजे धागाकर्त्यांना हवा तोच. एलियटच्या हाती चेंडू दिला गेला फक्त १२ वेळा, आणि त्यात ३३ यार्ड झाले. सामन्यानंतर एलियटने खेळींच्या निवडीवर उघड नाराजी व्यक्त केली, आणि त्याबद्दल त्याच्यावर टीका झाली असली तरी त्याचे म्हणणे मला तेव्हाही योग्य वाटले होते. माझ्या मते आपण चुकीच्या माणसाची चौकशी करत आहात. २०१४ मध्ये खेळी ठरवणारे टॉम हर्मन ह्युस्टनला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी तेथे १३ विजय मिळवले. त्यांच्या जागी आलेल्या व्यवस्थेला ना जोन्सकडून काय हवे ते ठरवता आले, ना बॅरेटकडून.

चौथा_डाउन

@ईस्ट_लान्सिंगचा_मित्र, हर्मन यांचा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे आणि त्याला जोडून रिसीव्हरांचाही मुद्दा घ्यायला हवा. जोन्सच्या लांब पासांचा सर्वात मोठा लाभार्थी होता डेव्हिन स्मिथ. विस्कॉन्सिनविरुद्धचे तीनही टचडाउन पास त्याने झेललेले आहेत. तो २०१५ मध्ये एनएफएलला गेला. नोआ ब्राउनचा पाय ऑगस्टमध्ये सरावात मोडला. कोरी स्मिथचा पाय इंडियानाविरुद्ध मोडला. मायकल थॉमस होता आणि तो असामान्य होता, पण त्याचे वैशिष्ट्य नेमक्या वळणांवर आणि गर्दीत चेंडू पकडण्यात होते. पन्नास यार्ड सरळ धावून बचावपटूला मागे टाकणारा माणूसच उरला नव्हता.

म्हणून मी जागेचा प्रश्न असा मांडतो. जोन्सची सर्वात मोठी ताकद ज्या खेळाडूमुळे कामी येत होती तो गेला, तर बॅरेटची ताकद ज्या गोष्टींवर उभी होती त्या सगळ्या शिल्लक होत्या. झोन रीड या खेळीत क्वार्टरबॅक कडेच्या बचावपटूकडे पाहतो. तो एलियटवर झेपावला तर चेंडू स्वतःकडे ठेवून धावतो, तो थांबला तर एलियटला देतो. हा निर्णय क्षणभरात घ्यायचा असतो आणि बॅरेट तो ज्या सहजतेने घेत असे, तशी सहजता जोन्सकडे नव्हती. सहा फूट पाच इंच उंचीचा आणि २५० पौंडांचा जोन्स धावायचा तेव्हा समोरच्याला धडकी भरे, पण चेंडू कोणाला द्यावा या निर्णयात तो एक क्षण मागे राहत असे.

हंट्सव्हिलकर

अलाबामातून नमस्कार. आमच्याकडचे उदाहरण दिल्याशिवाय ही चर्चा पूर्ण होणार नाही.

८ जानेवारी २०१८ रोजी अटलांटात जॉर्जियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला अलाबामा १३-० अशी मागे होती. दोन वर्षे सुरुवातीचा क्वार्टरबॅक असलेल्या जेलन हर्ट्सने तोपर्यंत केवळ दोन सामने गमावलेले होते. प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला बसवले आणि हवाईहून आलेल्या टुआ टागोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या मुलाला उतरवले. जादा डावात टुआला १६ यार्ड मागे पाडण्यात आले, आणि लगेच पुढच्या खेळीवर त्याने डेव्होंटा स्मिथला ४१ यार्डांचा पास दिला. २६-२३. शुभाताई, 'हरल्याशिवाय बसवू नये' हा आपला नियम पाळला असता, तर आम्ही तो सामना हरलो असतो असे मला मनापासून वाटते.

पण गोष्ट तेथे थांबत नाही. हर्ट्स दुसऱ्या विद्यापीठात गेला नाही, वर्षभर राखीव राहिला. १ डिसेंबर २०१८ रोजी त्याच अटलांटात, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआचा घोटा दुखावला तेव्हा संघ २८-२१ असा मागे होता. हर्ट्सने जेरी ज्युडीला टचडाउन पास दिला, मग स्वतः धावत जाऊन दुसरा केला आणि ३५-२८ असा सामना जिंकून दिला. त्या वेळी आमच्या घरात जमलेल्या मंडळींतले अनेक जण रडत होते, आणि त्यांत माझे वडीलही होते, जे तेव्हा नुकतेच साताऱ्याहून आले होते आणि ज्यांना खेळाचे नियमही पुरते कळत नव्हते. एका मुलाने अपमान गिळून तयारी चालू ठेवली, इतके त्यांना पुरेसे कळले होते.

पुढे हर्ट्स ओक्लाहोमाला गेला, २०१९ च्या हाइझमन, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूच्या, पारितोषिकात दुसरा आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियासाठी सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला.

क्लीव्हलँडकर

@हंट्सव्हिलकर, उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्या बाजूचे आहे असे मी म्हणेन. सेबन यांनी डोळ्यांसमोर आक्रमण बंद पडलेले पाहून निर्णय घेतला आणि पुढच्या हंगामात टुआ हाच पहिला, हे कृतीने दाखवून दिले. मायर यांनी जोन्सला जागा दिली, पण विश्वास दिला नाही. सात सामने तो मागे वळून बाकाकडे पाहत खेळला. क्लेमसनचे उदाहरण मात्र सेबन यांच्यासारखेच. २०१८ मध्ये केली ब्रायंटने पहिले चार सामने जिंकूनही प्रशिक्षक डॅबो स्विनी यांनी ट्रेव्हर लॉरेन्सला पुढे केले. ब्रायंट संघ सोडून गेला, पुढच्याच सामन्यात सिरॅक्यूजविरुद्ध लॉरेन्स जखमी झाला आणि चेस ब्राइस या राखीव क्वार्टरबॅकने २७-२३ असा सामना वाचवला. निर्णय कठोर होता, पण निःसंदिग्ध होता. त्या वर्षी क्लेमसनने पंधराच्या पंधरा सामने जिंकले.

सुधा_डेटन

मी खेळाडूंच्या बाजूने थोडे लिहिते, कारण आपण सर्वजण संघाच्या बाजूने लिहीत आहात.

केली ब्रायंट २०१८ मध्ये जाऊ शकला याचे कारण त्याच वर्षी लागू झालेला नियम होता. चारपर्यंत सामने खेळूनही त्या वर्षाची पात्रता राखून ठेवता येऊ लागली होती, म्हणजे ते वर्ष खेळण्याच्या ठरलेल्या वर्षांत धरले जात नसे. २०१५ मध्ये जोन्स किंवा बॅरेट यांना असे काहीच उपलब्ध नव्हते. पदवी न घेतलेला खेळाडू दुसऱ्या मोठ्या संघात गेला, तर त्याला सर्वसाधारणपणे एक पूर्ण वर्ष बाहेर बसावे लागे. हा नियम २०२१ मध्ये सैल झाला. म्हणजे आपण ज्या दोन मुलांविषयी बोलत आहोत ती एका अर्थाने अडकलेली होती. त्यांना या काळात खेळाचा मोबदलाही मिळत नव्हता. प्रशिक्षकाने महिनोन्महिने निर्णय लांबवला, तर त्याची किंमत त्या मुलांनी मोजली.

आणि ब्रॅक्स्टन मिलरचा विसर पडू देऊ नये. तो आमच्या डेटनजवळच्या ह्यूबर हाइट्सचा. २०१२ मध्ये बारापैकी बारा सामने जिंकूनही बंदीमुळे ज्या संघाला पुढे खेळता आले नाही, त्या संघाचा तो क्वार्टरबॅक होता. पदवी हातात असल्यामुळे त्याला लगेच दुसरीकडे जाऊन क्वार्टरबॅक म्हणून खेळता आले असते. तो राहिला, नवी जागा शिकला, आणि व्हर्जिनिया टेकविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात धावताना त्याने जी गिरकी घेतली ती आमच्या भागातील लहान मुले अजून अंगणात करून पाहतात. या संपूर्ण प्रकरणात ज्याने स्वतःहून जागा सोडली, त्याच्याविषयी सर्वात कमी बोलले जाते, याचे मला वाईट वाटते.

चौथा_डाउन

सुधाताईंना पूर्ण अनुमोदन. त्या वर्षीच्या क्वार्टरबॅकांमधील आणखी एक नाव सांगतो. आथेन्स, ओहायोहून आलेला जो बरो २०१५ मध्ये याच संघात पहिल्या वर्षाला होता आणि न खेळता सराव करत होता. पुढे २०१८ च्या वसंतात ड्वेन हॅस्किन्सच्या तुलनेत मागे पडल्यावर तो लुइझियाना स्टेटला गेला, २०१९ चा हाइझमन जिंकला आणि राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. मिलर, बॅरेट, जोन्स आणि बरो एकाच सरावमैदानावर! इतकी श्रीमंती असताना निवड चुकण्याची भीती प्रशिक्षकाला पकडून ठेवते, असे मला वाटते.

मृणाल_पुणे

सर्वांचे मनापासून आभार, मला आता पुष्कळ उलगडा झाला. यष्टिरक्षकाची जागा जशी एकच असते आणि राखीव यष्टिरक्षक कितीही चांगला असला तरी वाट पाहतो, तसेच काहीसे हे दिसते. पण एक गोष्ट अजून खटकते. वरील सर्व चर्चेत २०१५ चे ऑक्टोबरमधील सामने कोणीच घेतले नाहीत. लेकीने मला त्या हंगामाची यादी पाठवली, त्यात मेरीलँडविरुद्ध ४९-२८ आणि पेन स्टेटविरुद्ध ३८-१० असे निकाल आहेत. हे तर मोठे विजय आहेत. तेव्हा कोण खेळत होते?

ईस्ट_लान्सिंगचा_मित्र

मृणालताईंनी नेमका धागा पकडला आहे!

तेव्हा दोघेही खेळत होते. मेरीलँडविरुद्ध मायर यांनी ठरवून टाकले की मैदानाच्या मोकळ्या भागात जोन्स खेळेल आणि गोलरेषेपासून वीस यार्डांच्या आत, म्हणजे रेड झोनमध्ये, बॅरेट येईल. बॅरेटने धावून तीन टचडाउन केले आणि जोन्सनेही त्या हंगामातील आपला एक उत्कृष्ट खेळ केला. पुढच्या आठवड्यात पेन स्टेटविरुद्धही हीच व्यवस्था सुरू झाली आणि बॅरेटचा चार टचडाउनमध्ये हात होता. आमच्या दोन राखीव क्वार्टरबॅकनी कोलंबसमध्ये जे केले तेही ठरवून केलेले होते. कोण कधी येणार हे दोघांनाही ठाऊक होते.

त्यामुळे मी आता असे विचारतो की 'जोन्स की बॅरेट' हा प्रश्न ज्या दोन आठवड्यांत बाजूला ठेवला गेला, तेच दोन आठवडे त्या आक्रमणाचे सर्वात चांगले दिवस नव्हते काय?

चौथा_डाउन

याचे उत्तर देणे माझ्यावर आले, कारण अर्धा-अर्धा सराव दोघांनाही अपुरा ठेवतो असे मीच लिहिले होते, आणि त्यावर मी ठाम आहे. फरक येथे आहे की नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध बदल चुकीची शिक्षा म्हणून झाला होता, तर मेरीलँडविरुद्ध तो मैदानावरील जागेनुसार झाला. रेड झोनमधील खेळी मोजक्या असतात, त्यांचा सराव वेगळा असतो. त्यामुळे बॅरेटला त्या मोजक्या खेळी पूर्ण तयार करता आल्या आणि जोन्सचा बाकीचा सरावही फारसा कमी झाला नाही. गोलरेषेजवळ बचावफळीच्या मागे पळायला जागा नसते, म्हणून लांब पासाचा उपयोग संपतो आणि क्वार्टरबॅकचे पाय कामाला येतात. तेथे बॅरेट असणे हे खेळाच्या तर्काला धरूनच होते. अशी व्यवस्था ऑगस्टमध्येच ठरवली असती, तर जोन्सला पहिले पाच सामने बाकाकडे पाहत खेळावे लागले नसते.

क्लीव्हलँडकर

हे मला मान्य आहे. जोन्स पहिला आणि रेड झोनमध्ये बॅरेट, ही व्यवस्था शेवटपर्यंत ठेवली असती तर माझी काहीच तक्रार नसती. पण पेन स्टेटनंतर लगेच पुढच्या रटगर्सच्या सामन्यात बॅरेट सुरुवातीपासून आला, मग त्याला एका सामन्याचे निलंबन झाले, मिनेसोटाविरुद्ध पुन्हा जोन्स आला, आणि तो सामना २८-१४ असा जिंकून देऊनही पुढच्या आठवड्यात पुन्हा बसला. महिनाभरात तीनदा माणूस बदलला. मिशिगन स्टेटविरुद्धच्या त्या आक्रमणाला स्वतःची ओळख उरली नव्हती, यात आश्चर्य काय?

ऑलेन्टँजीकाठ

ऑक्टोबरच्या व्यवस्थेबद्दल ईस्ट लान्सिंगच्या मित्रांनी आणि चौथा_डाउन यांनी जे लिहिले ते मी लक्षपूर्वक वाचले. ती व्यवस्था यशस्वी झाली हे निकालच सांगतात.

तरीही माझे मत बॅरेटच्याच बाजूने राहते, आणि त्याचे कारण पेन स्टेटच्या सामन्यातच आहे. त्या रात्री बॅरेट रेड झोनच्या बाहेरही खेळू लागला आणि आक्रमण थांबले नाही, उलट अधिक वेगवान झाले. रटगर्सविरुद्ध ४९ गुण झाले. मिशिगन स्टेटविरुद्धचा दिवस वाईट गेला, पण आठवड्याभरातच अ‍ॅन आर्बरला जाऊन याच बॅरेटने आणि याच एलियटने मिशिगनला ४२-१३ असे हरवले, आणि १ जानेवारीला फिएस्टा बोलमध्ये नोत्र दामविरुद्ध ४४ गुण केले. म्हणजे खेळी नीट निवडल्या आणि एलियटला पुरेसा चेंडू दिला, की त्या संघाचे आक्रमण बॅरेटच्या हाती पूर्णपणे चालत होते. ७ सप्टेंबरला व्हर्जिनिया टेकमध्ये तोच उतरला असता, तर रटगर्सपर्यंत जे जुळून आले ते सप्टेंबरअखेर जुळून आले असते, आणि २१ नोव्हेंबरच्या पावसात तो संघ बाराव्या आठवड्याच्या सरावानिशी उतरला असता.

ईस्ट_लान्सिंगचा_मित्र

आणि तरीही एलियटला १२ वेळाच चेंडू दिला असता तर आम्हीच जिंकलो असतो.

क्लीव्हलँडकर

त्या वाऱ्यात बॅरेटचे पास पोहोचत नव्हते. जोन्सच्या हाताची ताकद ज्या दिवशी सर्वाधिक लागली असती तो हाच दिवस होता, आणि वरची सर्व चर्चा वाचूनही मला त्या दिवशी जोन्सच हवा होता.

मृणाल_पुणे

लेकीने विस्कॉन्सिनच्या सामन्याची चित्रफीत शोधून दिली आहे. ती आणि मिशिगन स्टेटची, या दोन्ही सलग पाहते आणि मग माझे मत लिहिते.